मतदान तुमचे, उमेदवार त्यांचे!

दिवाळी जवळ आली की आमच्या कोंढ्याच्या शिवारात हलक्या धानाची कापणी लागते आणि त्याच सुमारास घराघरांतील टीव्हीवर पुरस्कारांच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. आपल्या आवडत्या मालिकेला मत द्या, नायकाला मत द्या, सुनेला मत द्या, सासूला मत द्या, असे आवाहन तासातासाला होते. दिवसभर कापणी करून आलेली आमची माणसेही मोबाईल हातात घेऊन मत देतात. मग एका रविवारी चार-पाच तासांचा सोहळा होतो. लाल गालिचा अंथरला जातो, नाच होतात, विनोदी प्रवेश होतात, डोळ्यांतून पाणी काढणारी भाषणे होतात, आणि मधेमधे साबणाच्या, मसाल्याच्या, सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती होतात. दुसऱ्या दिवशी पवनीच्या बाजारात कोणाला काय मिळाले याची चर्चा होते.

करमणुकीला आमचा विरोध नाही. माणसाने दिवसभर राबावे आणि रात्रीही गंभीर चेहरा करून बसावे, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण ज्या सोहळ्याला ‘मतदान’ हा शब्द लावला जातो, त्याची उलटतपासणी करण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. आम्ही ती येथे करणार आहोत.

आधी हे पुरस्कार नेमके काय आहेत ते समजून घेऊ. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी या नावाने सुरू झालेली वाहिनी पुढे झी मराठी झाली. तिचा वार्षिक सोहळा ‘उत्सव नात्यांचा’ या नावाने महाराष्ट्राला परिचित आहे. या सोहळ्यात झी मराठीच्या मालिकांची स्पर्धा झी मराठीच्याच मालिकांशी असते. स्टार प्रवाह ही वाहिनी २००८ मध्ये आली. तिने २०२१ पासून ‘परिवार पुरस्कार’ सुरू केले आणि तेथेही घरचाच मामला आहे. हिंदीत इंडियन टेली अवॉर्ड्स आणि इंडियन टेलिव्हिजन अकॅडमीचे पुरस्कार २००१ मध्ये सुरू झाले. एकामागे दूरचित्रवाणी व्यवसायाची बातमीदारी करणारी संस्था आहे, दुसऱ्यामागे शशी रंजन आणि अनू रंजन हे दाम्पत्य. नावात ‘इंडियन’ आहे, पण मुख्य मान मुंबईतून निघणाऱ्या हिंदी मालिकांचाच. सिनेमाला केंद्र सरकारचे राष्ट्रीय पुरस्कार १९५४ पासून आहेत. त्याच्याविषयीही पुष्कळ तक्रारी आहेत, पण निदान तेथे परीक्षक मंडळ आहे, नियम छापलेले आहेत, आणि सरकारला संसदेत प्रश्न विचारता येतो. मालिकांसाठी तसे काही उभे राहिले नाही. ती मोकळी जागा वाहिन्यांनी स्वतःच व्यापली. कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ शकत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. येथे तर वादी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीश तोच आणि निकालाच्या प्रती विकणाराही तोच आहे.

वाहिनीचे यावर ठरलेले उत्तर आहे की, निकाल आम्ही देत नाही, प्रेक्षक देतात. मते मोजली जातात. हे उत्तर ऐकायला लोकशाहीचे वाटते, म्हणून ते जास्त तपासले पाहिजे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत एक व्यक्ती, एक मत आणि एक मूल्य याचा विचार मांडला. त्याआधी सतरा वर्षे त्यांनी मताचा दुसरा अर्थ येरवड्यात भोगला होता. मत देण्याचा अधिकार मिळाला, पण उमेदवार कोण हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती राहिला, तर त्या मताचे काय होते, हा १९३२ चा खरा प्रश्न होता. म्हणून २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने १४८ राखीव जागा दिल्या तेव्हाही, निदान पहिल्या फेरीत अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवारांचा गट निवडावा, अशी तरतूद करून घेण्यात आली. उमेदवार ठरविण्याच्या अधिकारातला एक तुकडा तरी हाती ठेवण्याची ती धडपड होती. आणि आम्हा भंडारा जिल्ह्याच्या लोकांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर प्रत्यक्ष संविधानाचे शिल्पकार उभे होते आणि संयुक्त मतदारसंघाने त्यांना पाडून काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना निवडून दिले. त्या निवडणुकीत मतदाराला दोन मते होती. दुसरे मत कुजवा, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला असता बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असे जुनी माणसे आजही सांगतात. मताची किंमत त्यांना एवढी होती. अशा जिल्ह्यातल्या माणसासमोर कोणी ‘मतदान करा’ म्हटले, तर तो आधी विचारणारच की उमेदवारी यादी कोणी केली?

पुरस्कारांची नामांकने वाहिनी करते. त्याच्या आधी मालिका कोणत्या काढायच्या हे वाहिनी ठरवते. त्याच्याही आधी मालिकेतले घर कोणाचे असावे, त्याचे आडनाव काय असावे, त्याच्या भिंतीवर कोणाची तसबीर असावी, हे वाहिनीच्या कार्यालयातल्या चार खुर्च्या ठरवतात. या तीन चाळण्यांतून जे खाली उरते, त्यावर शिक्का मारण्याचे काम तेवढे आमच्याकडे येते.

वाचकांनी थोडे आठवून पाहावे. २०१३ मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’ आली, घर गोखल्यांचे. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, घर कोल्हापूरच्या गायकवाडांचे. त्याच वर्षी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आली, घर सुभेदारांचे. २०१९ ला ‘आई कुठे काय करते’ आली, घर देशमुखांचे. पुण्या-मुंबईचा वाडा किंवा बंगला, नाहीतर पश्चिम महाराष्ट्रातला जमीनजुमला असलेला पाटीलकीचा चौसोपी वाडा, या दोन टोकांत मराठी मालिकेचा महाराष्ट्र संपतो. गोखले, गायकवाड, देशमुख यांच्याविषयी आमच्या मनात काही नाही. त्यांचीही घरे आहेत, त्यांच्याही घरात सुखदुःख आहे. आमचा प्रश्न सरळ आहे. रामटेके, गजभिये, मेश्राम, कांबळे यांचे घर मालिकेच्या केंद्रस्थानी असलेले तुम्ही किती वेळा पाहिले? पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणारी, मुलीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील घेणारी, १४ एप्रिलच्या पहाटे दारावर निळी पताका बांधणारी, आणि त्याच वेळी इतर चारचौघांसारखी भांडणारी, प्रेम करणारी, हसणारी नायिका तुम्हाला कोणत्या वर्षाच्या नामांकनात दिसली? महापुरुषांवरच्या मालिका बाजूला ठेवा. आम्ही साध्या माणसाविषयी विचारतो आहोत.

‘माझ्या नवऱ्याची बायको’चा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे, कारण तिची नायिका राधिका ही नागपूरची होती. अनिता दाते यांनी तिच्या तोंडी वऱ्हाडी-नागपुरी बोली ठेवली आणि ती बोली नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी न येता नायिकेच्या तोंडी आली, याचे विदर्भाने स्वागत केले. आम्हीही केले. ‘राधिका मसाले’ची तीनशे कोटींची कंपनी होते तेव्हा आम्हीही हसलो. पण नागपूर म्हणजे संत्री, सावजी आणि ‘काऊन बे’ एवढेच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जगाच्या इतिहासात न घडलेली शांततामय क्रांती ज्या शहरात झाली ते नागपूर आहे. त्या शहरातून आलेल्या नायिकेच्या मैत्रिणींत, शेजाऱ्यांत, धंद्यातल्या भागीदारांत दीक्षाभूमीला जाणारी किती माणसे होती? नागपूरची बोली घेतली. नागपूरची माणसे मात्र निवडून घेतली.

आता पुरस्कारांच्या नावांकडे या. सर्वोत्कृष्ट मालिका, अभिनेता, लेखन हे समजू शकते. ती कला आहे. पण सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सासरे, सर्वोत्कृष्ट कुटुंब हे पुरस्कार अभिनयाचे आहेत की वर्तनाचे? सर्वोत्कृष्ट सून म्हणजे कोण, हे आम्ही मालिका पाहून ठरवू गेलो तर उत्तर असे मिळते की, जी सर्वांच्या आधी उठते, सर्वांच्या नंतर जेवते, नवऱ्याचे अपराध पोटात घालते, सासूच्या कारस्थानाला हात जोडून उत्तर देते आणि सहाशे भागांनंतर घराची लक्ष्मी ठरते ती. अपवाद आहेत, काही नायिका घर सोडतात, धंदा काढतात, घटस्फोट घेतात. पण त्यांनाही शेवटी त्याच उंबरठ्यावरून प्रमाणपत्र घ्यावे लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यातील आदर्श स्त्रीचे वर्णन आणि ही सून शेजारी शेजारी ठेवून पाहा. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या माणसाच्या अनुयायांच्या लेकीबाळी रात्री आठ वाजता हे पाहत बसतात आणि वर त्याला मतही देतात. कामाला जाणारी, रोजगार हमीवर माती उचलणारी, बिडी वळणारी, धान रोवणारी आमची बाई तर या स्पर्धेत सून म्हणूनही उभी राहू शकत नाही. तिला सर्वोत्कृष्ट सून व्हायला वेळच कुठे आहे!

वाहिन्या म्हणतील, लोकांना जे पाहायचे असते ते आम्ही दाखवतो, टीआरपी पाहा. तर टीआरपीही पाहू. २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानेच सांगितले की देशात सुमारे २३ कोटी घरांत टीव्ही आहे आणि प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रे आहेत सुमारे ५८ हजार. म्हणजे दर चार हजार घरांमागे एक. पूर्वी ही मोजणी शहरांपुरती होती. ग्रामीण घरांची आकडेवारी बार्क या संस्थेने २०१५ मध्ये द्यायला सुरुवात केली. घरांची प्रतवारी कशी करतात हे तर प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे. २०११ मध्ये आणलेल्या वर्गवारीत घरातील मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि अकरा वस्तू पाहिल्या जातात. त्यात वीज, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रीज, धुलाई यंत्र, मोटारगाडी आहे आणि शेतजमीनही आहे. ज्याला पिढ्यानपिढ्या जमीन मिळू दिली नाही, शिक्षण मिळू दिले नाही, त्याचे घर या तक्त्यात आपोआप खालच्या रकान्यात जाते. जाहिरातदार वरच्या रकान्याकडे पाहून पैसे मोजतो आणि वाहिनी जाहिरातदाराकडे पाहून मालिका काढते. जातीचा उल्लेख कोठेही नाही; गरजच पडत नाही. आणि हे आकडेही किती पवित्र आहेत ते २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदविला तेव्हा देशाने पाहिले. बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे त्यानंतर मार्च २०२२ पर्यंत बंद ठेवावे लागले.

या टीआरपीच्या तराजूत आमची माणसे कशी तोलली गेली, याची दोन उदाहरणे अगदी जवळची आहेत. १८ मे २०१९ रोजी स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली, आदर्श शिंदे यांच्या आवाजातले शीर्षकगीत वस्त्यावस्त्यांत वाजले. ती ऑक्टोबर २०२० मध्ये संपली. त्याच वाहिनीचे परिवार पुरस्कार पुढच्या वर्षी सुरू झाले. यात कोणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही, पण तारखा तारखा असतात. दुसरी मालिका ‘सावित्रीजोती’. जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली. ओंकार गोवर्धन आणि अश्विनी कासार यांनी जोतिबा आणि सावित्रीमाई उभ्या केल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती बंद झाली. कारण काय, तर प्रेक्षक नाहीत. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय या राज्यात कोणत्याही पक्षाचे भाषण सुरू होत नाही, आणि त्या राज्यात सावित्रीमाईंच्या मालिकेला एक वर्ष धड पूर्ण करता आले नाही!

येथे आम्हाला आपल्याच समाजालाही दोन शब्द सुनवायचे आहेत. त्या वर्षभरात आपण काय पाहत होतो? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर लाख-दोन लाख उडवणारी आमची मंडळे ‘सावित्रीजोती’ सुरू आहे हे वस्तीत सांगायला गेली होती का? सरकारी नोकरीत स्थिरावलेल्या आमच्या बांधवांच्या दिवाणखान्यात त्या वेळेला कोणती वाहिनी लागलेली असे? गरीब वस्तीचे आम्ही समजू शकतो. तेथे अनेक घरांत दूरदर्शनची मोफत डिश आहे आणि पैसे मोजून घ्यावी लागणारी वाहिनी तेथे पोहोचतच नाही. पण ज्यांच्याकडे पोहोचते त्यांचे काय? प्रेक्षक नाहीत, हे वाहिनीचे कारण पूर्ण खरे मानायला आम्ही तयार नाही. पण ते पूर्ण खोटे ठरवण्याइतके पुरावेही आपण आपल्या बाजूने उभे केले नाहीत.

आणि आंबेडकरी विषयाला प्रेक्षकच नाही म्हणावे, तर डिसेंबर २०१९ मध्ये अँड टीव्ही या हिंदी वाहिनीने ‘एक महानायक – डॉ. बी. आर. आंबेडकर’ सुरू केली आणि ती काही वर्षे चालवली. हिंदी पट्ट्यात जो विषय चालतो तो महाराष्ट्रात चालत नाही, हे कोणत्या गणितात बसते? दहा वर्षे मागे जा. २०१४ मध्ये श्याम बेनेगल यांनी राज्यसभा टीव्हीसाठी दहा भागांची ‘संविधान’ ही मालिका केली आणि त्यात सचिन खेडेकर यांनी बाबासाहेब साकारले. आजही १४ एप्रिल आणि २६ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालयांत तिचेच भाग दाखवावे लागतात. ती जाहिरातदारांच्या पैशावर झालेली नव्हती, संसदेच्या वाहिनीने केली होती, एवढे लक्षात ठेवावे. त्याहूनही मागे गेले तर आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ आहे. त्या चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते आणि १९५४ च्या चित्रपटांसाठी दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला मराठीसाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. तेव्हा या देशात टीव्ही नव्हता, टीआरपी नव्हता, नामांकनाची रात्र नव्हती. फुल्यांवरच्या कलाकृतीला राष्ट्रपती पदक देतात, आणि पासष्ट वर्षांनी फुल्यांवरची मालिका वर्षाच्या आत गुंडाळली जाते. प्रगती कोणाची झाली ते ज्याने त्याने ठरवावे.

त्या चार खुर्च्यांवर कोण बसलेले आहे, हे मालिकांच्या बाबतीत कोणी मोजल्याचे आमच्या पाहण्यात नाही, पण बातम्यांच्या बाबतीत मोजले गेले आहे. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी केली. त्यात एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी १२१ वरिष्ठ पदे तपासली. त्यांतील १०६ उच्चवर्णीयांकडे, आणि दलित-आदिवासींकडे पुन्हा शून्य. तेरा वर्षांत शून्याचे शून्यच.

या शून्याची किंमत भंडारा जिल्ह्याने मोजली आहे. पहिली पाहणी ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, आमच्याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी घडले. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना गावाने मिळून मारले. तेव्हा मराठीत चोवीस तास बातम्यांची वाहिनी नव्हती, ती पुढच्या वर्षी आली. पण ज्या होत्या त्यांना भंडाऱ्याचा रस्ता सापडायला महिना लागला. लोक रस्त्यावर उतरले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कॅमेरे आले. त्या महिन्यात पडद्यावरच्या सासवा-सुनांची भांडणे मात्र एक दिवसही थांबली नव्हती. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली, आणि ॲट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागू झाला नाही. न्याय मागत मागत भैय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. आमचे घर पडद्यावर यायचे असेल तर आधी ते जळावे लागते, हा खैरलांजीचा धडा आहे. जिवंतपणी आम्ही कोणाच्या ‘सर्वोत्कृष्ट कुटुंबा’त बसत नाही.

अमेरिकेत हे भांडण आपल्या आधी लढले गेले. तेथे टीव्हीचे एमी पुरस्कार १९४९ पासून आहेत. गंभीर मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचा एमी पहिल्यांदा एका काळ्या स्त्रीला मिळायला २०१५ साल उजाडले. त्या व्हायोला डेव्हिस. व्यासपीठावर त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, आमच्यात आणि इतरांत फरक आहे तो केवळ संधीचा. ज्या भूमिका लिहिल्याच गेल्या नाहीत त्यांच्यासाठी एमी जिंकता येत नाही. आम्ही वर उमेदवारीविषयी जे म्हणतो आहोत ते हेच. पण काळ्या चळवळीने सहासष्ट वर्षे वाट पाहिली नाही. एनएएसीपी या त्यांच्या जुन्या संघटनेने १९६७ मध्येच स्वतःचे ‘इमेज अवॉर्ड्स’ सुरू केले. आमची प्रतिमा कोण कशी रंगवतो याचा हिशेब आम्ही ठेवू, असे नावातच जाहीर केले. दलित पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले त्यांच्या समाजाकडून आपण हेही घेण्यासारखे होते.

आपल्याकडे साधन नाही असे नाही. नागपुरातून लॉर्ड बुद्धा टीव्ही आणि आवाज इंडिया टीव्ही या वाहिन्या निघाल्या. दीक्षाभूमीचा सोहळा ज्यांना प्रत्यक्ष गाठता येत नाही त्यांच्या घरी त्यांनी तो पोहोचवला. मात्र प्रवचने, भाषणे आणि गाणी यांच्या पुढे जाऊन मालिका, नाटक, विनोद यांत आपण पाऊल टाकलेले दिसत नाही. आणि नाटक तर आमच्या दारात आहे! दिवाळीनंतर मंडई भरू लागली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपुरात झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात. गावोगावचा माणूस तिकीट काढून, पोते अंथरून पहाटेपर्यंत बसतो. येथे कोणी टीआरपी मोजायला येत नाही. गर्दी डोळ्यांनी मोजता येते. २०२३ मध्ये या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. भारत सरकारला ते दिसले, मुंबईच्या वाहिन्यांना झाडीबोली अजून दिसायची आहे. या मंडळींच्या हाती ‘आपल्या’ घराची गोष्ट द्यायला, चांगले लेखक द्यायला, एखाद्या विहार समितीने जयंतीच्या डीजेचा खर्च वळवायला काय हरकत आहे? १९२० मध्ये ‘केसरी’ने पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही, तेव्हा बाबासाहेब ‘केसरी’च्या पुरस्काराची वाट पाहत बसले नाहीत, ‘मूकनायक’ काढत राहिले.

एवढे म्हणून आम्ही वाहिन्यांना मोकळे सोडणार नाही. कारण ही हवा कोणाच्या बापाची नाही, आणि हे आम्ही रागाने बोलत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या आधाराने बोलतो. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निवृत्तीनंतर अखेरपर्यंत परिवर्तनाच्या चळवळीबरोबर उभे राहिलेले हेच ते सावंत. म्हणजे वाहिनी ही मालकाची खासगी ओसरी नाही.

या तत्त्वाला व्यवहारात आणणारी एक तरतूद नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत आली आणि आपल्या चळवळीत तिची जवळजवळ चर्चाच झाली नाही. खासगी वाहिन्यांनी दररोज किमान ३० मिनिटे राष्ट्रीय व सामाजिक महत्त्वाच्या विषयांवर कार्यक्रम दाखवले पाहिजेत. जे आठ विषय दिले आहेत, त्यांत शिक्षण आहे, शेती आहे, स्त्रियांचे कल्याण आहे आणि ‘समाजातील दुर्बल घटकांचे कल्याण’ हाही स्वतंत्र विषय आहे. जानेवारी २०२३ च्या सूचनापत्राने त्यात सवलतींची खिरापत वाटली. ही ३० मिनिटे सलग असण्याची गरज नाही, ती तुकड्यातुकड्यांनी इतर कार्यक्रमांत मिसळली तरी चालतील. पण मध्यरात्र ते सकाळी सहा ही वेळ धरली जाणार नाही आणि वाहिनीने दरमहा आपला अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर द्यायचा आहे. आता प्रश्न असा की, मराठी वाहिन्यांनी ‘दुर्बल घटकांचे कल्याण’ या रकान्यात काय लिहिले? एखाद्या सुनेने मोलकरणीला जुनी साडी दिली, तोही प्रसंग या हिशेबात धरला गेला आहे का?

दुसरी वाट तक्रारीची आहे. केबल टेलिव्हिजन नियमांतील नियम ६ प्रमाणे अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्कारी यंत्रांच्या टीव्हीवरील जाहिराती बेकायदा ठरवल्या, त्या महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या आधारे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली. प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच वाहिनीने २४ तासांत द्यायची, १५ दिवसांत निकाल द्यायचा, समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वयंनियमन मंडळाकडे आणि तेथून सरकारकडे जायचे. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. तिचा उपयोग कोण करतो? धार्मिक भावना दुखावल्या म्हणून ओरडणारे करतात. आम्ही चौकात निषेध करतो, फोटो काढतो आणि घरी जातो.

म्हणून कोंढा, पवनी, अड्याळ परिसरातील कार्यकर्त्यांसाठी आम्ही माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा तयार केला आहे. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली येथील जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे आहे. शुल्क १० रुपये. मागितले आहे ते एवढेच: मार्च २०२३ पासून प्रत्येक मराठी खासगी वाहिनीने दिलेले मासिक अहवाल, आणि त्यांत दुर्बल घटकांच्या कल्याणासाठी दाखवलेल्या कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ व मिनिटे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आले नाही तर पहिल्या अपिलाचा नमुनाही सोबत जोडलेला आहे. येत्या पौर्णिमेला विहारात त्याच्या प्रती ठेवू. ज्यांनी यंदा सुनेला मत दिले असेल त्यांनीही एक प्रत घेऊन जावी.